येते बरं

१

माझा धंदा आवाज ऐकण्याचा आहे. मस्कतला मोठाल्या इमारतींच्या गच्चीवर एसीची जी मशीनं असतात, ती मी दुरुस्त करतो. मशीन बिघडतं तेव्हा थंडावा सगळ्यात शेवटी जातो, आधी आवाज बदलतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग गेलंय, पट्टा कुठं घासतोय, सगळं कळतं. अकरा वर्षांत माझा अंदाज दोनदा चुकला, आणि त्यातल्या एका वेळी मला सर्दी झाली होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी 'कान वाजत असतील' म्हणू नये. पहिले काही दिवस मीही तेच म्हणत होतो.

२०२१च्या एप्रिलात मी चार वर्षांनी परत आलो. लसीचा एकच डोस झाला होता. दुसऱ्याची तारीख आली त्याच आठवड्यात कंपनीनं तिकीट हातात ठेवलं, आणि चार वर्षं वाट पाहिलेलं तिकीट सुईसाठी कोण सोडतो? नियम तेव्हा दर आठवड्याला कूस बदलत होते. दोन डोसवाल्यांना एक, एकवाल्यांना दुसरा, आखातातून येणाऱ्यांना तिसरा. मी प्रत्येकात थोडाथोडा बसत होतो. शेवटी हातावर शाईचा शिक्का बसला. चौदा दिवस घरात, एकट्यानं.

घर होतं. निलंग्याच्या बाहेर, नव्या प्लॉटिंगमध्ये. मी तिकडून फोटोत बघितलं होतं आणि शिल्पानं, माझ्या बायकोनं, उन्हातान्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. पुढं जाळीचा व्हरांडा, मग बाहेरची खोली, मग आतली, मागं स्वयंपाकघर. आतल्या चौकटींना दारं बसायची होती. धूळ अडवायला शिल्पानं प्रत्येक चौकटीत जाड प्लास्टिकचा कागद ठोकून लोंबता सोडला होता. भोवती खुणेचे दगड रोवलेले मोकळे प्लॉट, आणि कोपऱ्यावर एक पत्र्याचं घर. शिल्पा आणि आमची उज्ज्वला, सहा वर्षांची उजू, गावातच शिल्पाच्या माहेरी होत्या. पंधराव्या दिवशी वास्तुशांत ठरली होती. त्या दिवशी दोघी घरात येणार, आणि अडीच वर्षांची असताना सोडलेल्या पोरीला मी चार वर्षांनी जवळ घेणार.

"वास्तुशांत झाल्याबिगर रिकाम्या घरात राहू न्हाई, जावईबापू," सासूबाई फोनवर म्हणाल्या.

"रिकामं कुठं, मामी? मी हाय की," मी म्हटलं.

२

दिवसाला तीन खुंट्या होत्या, आणि बाकीचा वेळ त्यांच्यावर टांगलेला.

दहा वाजता मुबश्शिराबाईंचा फोन. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या, पण शाळा बंद आणि ड्यूटी बाहेरून आलेल्यांच्या यादीवर. "ताप? खोकला? वास येऊन राहिला ना? घरात किती जण?" मी म्हणायचो, "एक." त्या लिहून घ्यायच्या. दारावर चिकटवलेल्या कागदावरही तेच होतं: गृह विलगीकरण, व्यक्ती १.

संध्याकाळी पाच वाजता उजूचा व्हिडिओ कॉल. ती स्क्रीनच्या इतक्या जवळ यायची की मला तिचं कपाळ तेवढं दिसायचं.

आणि मधे, दुपारी एक वाजता, डबा. कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या घरातल्या सरजाबाईंना शिल्पानं डबा सांगितला होता. म्हाताऱ्या बाई, डोक्यावरून पदर, तोंडाला रुमाल. पायरीवर डबा टेकल्याचा आवाज यायचा. मग बाईमाणसाचा आवाज, थोडा घोगरा, पण मायाळू:

"येते बरं."

"या, मावशी," मी आतूनच म्हणायचो.

मस्कतला माझ्या खोलीत एक मल्याळी आहे. त्याला हे समजावता समजावता मी थकलो. जाताना 'येतो' म्हणता, मग येताना काय म्हणता? म्हटलं, येतानाही 'येतो'च. तो म्हणाला, मग समोरच्याला कळतं कसं? मी म्हटलं, बाबा, कळतं. आमच्यात 'जातो' म्हणणं अशुभ. जाणारा 'येतो' म्हणतो आणि घरातला 'ये' म्हणतो, हिशोब संपला.

चार वर्षांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. तिकडं लोक निघतात तेव्हा नुसते निघतात. त्यामुळं खोटं कशाला सांगू, त्या दोन शब्दांची मी सकाळपासून वाट बघायचो. भाजी काय आहे हे नंतर.

३

चौथ्या दिवशी मी एक वाजता बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी उभा होतो. माणूस दिसेल म्हणून, दुसरं काही काम नव्हतं.

सरजाबाई आल्या, वाकून डबा ठेवला, वळल्या. फाटक ओढून घेतलं. रस्त्याला लागल्या. ऊन मी म्हणत होतं आणि त्या पदर सावरत भराभर चालल्या होत्या. तिसऱ्या खुणेच्या दगडापाशी पोचल्या तेव्हा पायरीवरून आवाज आला.

"येते बरं."

"या, मावशी," मी म्हणून गेलो. जीभ सवयीची गुलाम.

मग मी पायरीकडं बघितलं. डबा होता. सरजाबाई दगडाच्याही पुढं गेल्या होत्या, आणि त्यांची पाठ माझ्याकडं होती.

मी स्वतःला समजावलं. मोकळं माळरान, तापलेली हवा, आवाज वाकडा येतो. मशीनच्या खोलीतही असं होतं, पंखा इकडं आणि घरघर तिकडच्या भिंतीतून. डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी, वरण, दोन भाकरी. मी पोटभर जेवलो आणि झोपलो. त्या दिवशी अजून झोप येत होती.

४

पाचव्या दिवशी 'येते बरं' जाळीच्या आतून आलं. सहाव्या दिवशी बंद दाराला अगदी लागून. रोज मी उत्तर देत होतो. कुणी म्हणेल, का देत होतास? तुमच्या दाराशी म्हातारं माणूस 'येते' म्हणालं तर तुम्ही गप्प बसाल का? मला वाटत होतं, मावशींना ऊन लागतं, व्हरांड्याच्या सावलीत घटकाभर टेकत असतील. त्या बाहेर दिसत नव्हत्या हे खरं, पण मीही खिडकीशी जाणं सोडलं होतं.

सातव्या दिवशी मुबश्शिराबाईंचा फोन उशिरा आला, बरोबर एक वाजता. मी आतल्या खोलीत पडलो होतो. पुढचं दार कडी घालून बंद. डबा टेकल्याचा आवाज लांबून आला. त्या 'वास येऊन राहिला ना' विचारत होत्या, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, प्लास्टिकच्या पलीकडून, कुणीतरी म्हणालं, "येते बरं."

मी फोन छातीशी धरून म्हटलं, "या."

"सुदर्शन भाऊ," मुबश्शिराबाई म्हणाल्या, "मागं कोण बाई बोलून राहिल्या?"

"डबेवाल्या मावशी. बाहेर हायत."

"बाहेर न्हाई वाटलं. लई जवळून आला आवाज." कागद उलटल्याचा आवाज आला. "बघा भाऊ, घरात दुसरं माणूस असंल तर तसं सांगा. मला लिहावं लागंल. मग दोघांचेबी चौदा दिवस नव्यानं सुरू होतात. लपवू नका."

"एकच हाय," मी म्हटलं.

फोन ठेवून मी प्लास्टिक बाजूला केलं. बाहेरची खोली मोकळी होती. कडी आतून होती तशी होती. फरशीवर सिमेंटची धूळ, तिच्यावर फक्त माझ्या चपलांच्या खुणा. मला बरं वाटायला हवं होतं. मी खुणा दोनदा मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

५

नवव्या दिवशी शिल्पाशी बोलताना मी सहज विषय काढला. सहज म्हणजे, सकाळपासून तेवढंच ठरवत होतो.

"सरजाबाईंना सांग, डबा पायरीवर ठेवून लगेच जात जा म्हणावं. आत येऊन बोलत बसायची गरज न्हाई. त्यांनाच लागण व्हायची."

शिल्पा हसली. "बोलत बसतेत? सरजाबाई?"

"बसत न्हाईत. येते म्हणतात तेवढंच."

ती हसायची थांबली. "अहो, सरजाबाई मुकी हाय. जन्माची. सगळ्या निलंग्याला ठाऊक हाय."

मी चाकूरकडचा. निलंग्याला काय ठाऊक आहे हे मला कसं ठाऊक असणार?

"तुमाला ताप न्हाई ना?" तिनं विचारलं. आवाजात काळजी होती, आणि मला तिला अजून घाबरवायचं नव्हतं. मी म्हटलं, शेजारच्या प्लॉटवर कुणी असेल, मला उन्हात भास झाला असेल. "शेजारी कोण हाय तिथं?" ती म्हणाली. मग उजूनं फोन ओढून घेतला आणि पडलेला दात दाखवला. मी तो दात नीट बघितला, किती पांढरा आहे म्हणालो.

६

आठव्या आणि नवव्या दिवशी एक वाजता मी कानावर उशी दाबून पडलो होतो. आता ठरवूनच उत्तर देणं बंद केलं.

दहाव्या दिवशी एक वाजता ते पलीकडून, प्लास्टिकला अगदी लागून आलं. "येते बरं." मी पलंगावर बसून ओठ दाबले. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा हळू, "येते बरं." दाराशी उभं राहिलेल्या पाहुण्याला आतून कुणी या म्हणत नाही, तेव्हा तो जसा थांबतो, तसं ते थांबलं होतं. भीती वाटली हे खरंच, पण त्याहून जास्त ओशाळल्यासारखं झालं. आम्ही असं कुणाला ताटकळत ठेवत नाही.

मी पिशवीतला लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक मधल्या भिंतीच्या विटेला टेकवलं, मूठ कानामागं लावली, डोळे मिटले. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, पत्रा तडकतो, तार गुणगुणते. तो मला ओळखता येतो. विटेतून आला तो आवाज श्वासाचा होता. सावकाश, नाकानं घेतलेला. माझ्या कानाच्या उंचीवर, विटेच्या दुसऱ्या बाजूला टेकलेला. म्हणजे तिकडूनही कुणीतरी कान लावून ऐकत होतं.

अकराव्या दिवशीही मी गप्प राहिलो. बाराव्या दिवशीही. ते चौकटीपलीकडंच राहिलं, एक पाऊल पुढं नाही. तेव्हा मला युक्ती कळली. ते आपणहून येत नव्हतं. चार दिवस मीच त्याला एकेक दार पुढं बोलावून घेतलं होतं. आता दोनच दिवस तोंड मिटून काढायचे, मग वास्तुशांत, चार माणसं, पोरीचा गोंधळ. कुठलंही रिकामं घर त्यानं सरळ होतं.

त्या संध्याकाळी उजूनं कॉलवर गाणं म्हटलं, अर्धं विसरली, आणि आजीनं जेवायला हाक मारली म्हणून उठली. जाता जाता तिनं हात हलवला.

"येते, पप्पा."

"ये, बाळा, ये," मी म्हणालो.

स्क्रीन काळी झाली. माझ्या मागं, त्याच खोलीत, पलंगाच्या उशाशी, कुणीतरी कपडे सावरून खाली बसल्यासारखा आवाज झाला.

७

मी अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. तेरावा दिवस तिथं काढला, पाठ पुढच्या दाराला लावून, तोंड मधल्या प्लास्टिककडं करून. एक वाजता डबा आला, 'येते बरं' आलं नाही. ज्याला यायचं होतं ते आलेलं होतं.

चौदाव्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. शिल्पा आणि उजू. उद्यापर्यंत पोरीला दम निघेना म्हणून लांबूनच दाखवायला आणलं होतं. मी खिडकीशी गेलो. चार वर्षांनी बायको समोर उभी होती, रुमालाच्या वरचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते भरलेले होते. मलाही आवरलं नाही.

"लई वाळलात," ती म्हणाली.

"तू पण."

उजू व्हरांड्याच्या जाळीपर्यंत धावत आली. शिल्पानं "उजे, मागं हो" म्हटलं, पण ती जाळीला नाक लावून उभी राहिली. फोनमधल्यापेक्षा लहान होती. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात थोडासा वर आला होता. तिनं मला तिची चप्पल दाखवली, वास्तुशांतीला घ्यायचा फ्रॉक सांगितला, माझी खोली कुठली ते विचारलं. मी उत्तरं देत होतो आणि मागं लक्ष ठेवून होतो.

"चल आता, ऊन लागंल," शिल्पा म्हणाली.

उजू वळली. आणि मला पुढचं कळलं. मी हात वर केला, नको, बोलू नको, पण पोरीला वाटलं पप्पा टाटा करतायत. तिनंही हात हलवला.

"येते, पप्पा."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दात तळव्यात रुतले. एक शब्द बाहेर पडू दिला नाही.

माझ्या मागून, मायाळू, घोगऱ्या आवाजात, अगदी मी परवा म्हणालो होतो त्याच सुरात, कुणीतरी म्हणालं:

"ये, बाळा, ये."

उजू फाटकाशी थांबली. हसली.

"हाव, उद्या येते," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही, माझ्या खांद्यावरून मागं बघून. मग शिल्पाचं बोट धरून निघाली, आणि रस्त्यावरून मला ऐकू आलं, "आई, पप्पांच्या घरात कोण आज्जी हाय?"

मी वळलो. मधल्या चौकटीतलं प्लास्टिक हलत नव्हतं, वारा नव्हता. फक्त एका जागी, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, ते आत ओढलं जात होतं आणि बाहेर फुगत होतं. सावकाश. त्याच्या खाली, कागदाच्या कडेशी, धुळीत दोन पावलांची बोटं होती. बोटं बाहेरच्या खोलीकडं, दाराकडं वळलेली होती.

८

मी मुबश्शिराबाईंना फोन लावला.

"बाई, मी खोटं बोललो. घरात दोघं हायत. लिहून घ्या."

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा चौदा दिवस, भाऊ. तुमची पोरगी तिकडं वाट बघून राहिली असंल."

"म्हणूनच," मी म्हणालो.

संध्याकाळी कुणीतरी येऊन दारावरचा कागद बदलला. व्यक्ती २. वास्तुशांत राहिली. दुसरं माणूस कोण, हे शिल्पानं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा विचारलंच नाही. तिनं मनात काय धरलं ते मला कळलं. मी ते तसंच राहू दिलं. खरं सांगितलं असतं तर ती बघायला आली असती, आणि उजूला सोडून आली नसती.

ते चौदा दिवस मी रोज एक वाजता प्लास्टिककडं बघून स्वतःच म्हणत होतो, "ये." दुसऱ्या कुणाच्या बोलावण्याची त्याला गरज पडू नये म्हणून. पंधराव्या दिवशी पहाटे भाड्याची गाडी बोलावली. उंबरठ्यावर उभं राहून पुन्हा तेच म्हणालो, गाडीचं मागचं दार क्षणभर उघडं धरलं आणि मग लावून घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, अजून कोणी यायचं हाय का? मी म्हणालो, आलं. पोरीला जवळ न घेताच मी हैदराबादहून मस्कतला परतलो. इथं येऊन दुसरा डोस घेतला. आता कुठलाच नियम मला अडवत नाही.

या गोष्टीला काही वर्षं झाली. घराला कुलूप आहे. शिल्पा कामापुरतं बोलते. उजू मात्र रोज फोन करते, आणि मी तिला एक वाईट सवय लावली आहे. फोन ठेवताना 'येते' म्हणायचं नाही, 'जाते' म्हणायचं. पहिल्यांदा शिल्पानं ते ऐकलं तेव्हा पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "असलं अभद्र कोण शिकवलं तुला?" उजूनं माझं नाव सांगितलं. शिल्पा कितीतरी वेळ फोनकडं बघत राहिली.

आता ती मोठी झाली आहे, कारण विचारत नाही. बापाचा एक विक्षिप्तपणा म्हणून सोडून देते.

"जाते, पप्पा," ती म्हणते.

"जा," मी म्हणतो. स्वतःच्या लेकराला तोंडानं 'जा' म्हणायला रोज जीवावर येतं.

फोन बंद होतो. मल्याळी ड्यूटीवर गेलेला असतो. माझ्या पलंगाला पडदा आहे, सगळ्यांच्याच आहे, आठ जणांच्या खोलीत तेवढाच आडोसा. तो तोंडाच्या उंचीवर हळूच आत ओढला जातो. कुणीतरी निघायच्या तयारीत असतं. रोज वाटतं, आज गप्प बसावं, जाऊ द्यावं जिथं जायचं तिथं. मग 'हाव, उद्या येते' म्हणणारी पोरगी आठवते. तिनं त्याला शब्द दिला होता, आणि तो अजून कुणी मोडलेला नाही.

"ये," मी म्हणतो, आणि पलंगावर थोडा सरकून जागा करतो.